बांबुळीक न्हेल्यानी

देवगडला नेलं असं कळलं तर विजयदुर्गात कुणी चुलीवरचं भांडं उतरवत नाही. कणकवलीला नेलं म्हटलं की शेजारीण दारापर्यंत येते, काय झालं ते विचारते आणि परत जाते. पण "बांबुळीक न्हेल्यानी" हे शब्द वाडीत फिरले की गजाली थांबतात. कुणी गिर्येच्या रामेश्वराला गाऱ्हाणं घालायला निघतं, कुणी मुंबईच्या माणसाला फोन लावतं, कुणी मनातल्या मनात पैशांचा हिशेब करतं. बांबुळी म्हणजे गोव्यातलं बांबोळी, तिथलं गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ. आमच्याकडे गावाचं नाव म्हणून ते कुणी घेत नाही. दुखणं कुठवर गेलंय हे सांगायला घेतात.

वाट लांबची आहे. विजयदुर्गातून पडेल, तिथून तळेरे, तिथे मुंबई-गोवा महामार्ग लागतो. मग कणकवली, ओरोस, कुडाळ, झाराप, बांदा आणि पत्रादेवी. पत्रादेवीला महाराष्ट्र संपतो. पुढे पेडणे, म्हापसा, मांडवीवरचा पूल, पणजी, की आलं बांबोळी. दीडशे किलोमीटरच्या वरचा प्रवास, आणि त्यातला तळेऱ्यापर्यंतचा रस्ता वळणांचा. मांडीवर दम लागलेलं मूल असलं की ही वळणं आईला एकेक करून पाठ होतात.

जेटीवर मासळी विकणाऱ्या एका बाईंनी मला ती पाठ म्हणून दाखवली होती. त्यांचा मुलगा आता सातवीत आहे, धक्क्याशेजारच्या मोकळ्या जागेत क्रिकेट खेळतो आणि आईने हाक मारली की ऐकू न आल्यासारखं करतो. "दूध पितां-पितां पोराक घाम येय," त्या सांगत होत्या. "माका वाटला, उकडता म्हणान. तीन म्हयन्यांचा झाला तरी वजन काय चढना. डाक्टरान कान लावल्यान नि गप रवलो. मगे म्हणालो, काळजाक बुराक आसा."

बुराक म्हणजे भोक. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतः राहिलेलं छिद्र. हजार जिवंत जन्मांमागे साधारण आठ-नऊ बाळं हृदयात असा काहीतरी दोष घेऊन येतात. जगात सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच प्रमाण आढळतं. आईने ग्रहणात विळी हातात घेतली होती का, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण त्या बाईंना पहिला प्रश्न सासूने तोच विचारला होता.

किनाऱ्यावरच्या या गावातून आजारी मूल बाहेर काढणं हे काम पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं आहे. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली. त्याआधी मुंबई-पणजी बोट होती. ती विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरं घेत जायची आणि पावसाळ्यात बंद असायची. ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत पोर आजारी पडलं तर समुद्र मिटलेला, घाट ओला आणि खाड्यांवर पूल नाहीत. त्या चार महिन्यांत गेलेल्या पोरांची मोजदाद घरातल्या बायकांनी ठेवली, सरकारने नाही. माझ्या आजीला स्वतःची किती मुलं झाली हे विचारलं की ती दोन आकडे सांगायची, एक झालेल्यांचा आणि एक राहिलेल्यांचा. दोन्ही सांगताना तिचा आवाज सारखाच असायचा.

*

विजयदुर्गाची जी गोष्ट गाईड सांगत नाहीत, ती इथे सांगतो.

१२ फेब्रुवारी १७५६. ॲडमिरल वॉटसनचं इंग्रजी आरमार खाडीच्या तोंडाशी आलं. जमिनीवरच्या फौजेवर क्लाइव्ह होता आणि पलीकडे पेशव्यांची फौज होती, कारण किल्ल्याचा धनी तुळाजी आंगऱ्याला संपवायचं यावर दोघांचं एकमत झालं होतं. इंग्रजांचा एक गोळा आंगऱ्यांच्या 'रिस्टोरेशन' जहाजावर पडला. हे जहाज मुळात इंग्रजांचंच, आंगऱ्यांनी काबीज केलेलं. तिथून आग शेजारच्या गलबतांवर गेली आणि ज्या आरमाराच्या धाकाने पश्चिम किनारा अर्धशतक दबून होता, ते एका दुपारी खाडीत जळून गेलं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. तुळाजी त्या वेळी किल्ल्यात नव्हता. त्याची आई, बायका आणि मुलं होती.

पुढचा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे तो एका डॉक्टरमुळे. एडवर्ड आइव्ज हा वॉटसनच्या जहाजावरचा सर्जन. त्याने या सफरीचं पुस्तक लिहिलं, ते १७७३ साली लंडनला छापलं गेलं. तो सांगतो ते असं: वॉटसन आंगऱ्यांच्या कुटुंबाला भेटायला गेला. सगळ्यांनी जमिनीला डोकं टेकून मुजरा केला. म्हातारी आई म्हणाली, रयतेला राजा नाही, मला मुलगा नाही, सुनांना नवरा नाही, लेकरांना बाप नाही. ॲडमिरल म्हणाला, आता मलाच बाप समजा. तेव्हा सगळ्यात धाकटा, सहाएक वर्षांचा पोर, रडत पुढे आला, साहेबाचा हात धरला आणि म्हणाला, मग तू माझा बाप. ते ऐकून ॲडमिरलच्या डोळ्यांत पाणी आलं.

ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला रागच आला होता. आधी बापाचं आरमार जाळायचं, किल्ल्यातला दहा लाखांच्या घरातला ऐवज आपसात वाटून घ्यायचा आणि मग पोराचा हात हातात घेऊन रडायचं. शिवाय सांगणारा त्याच ॲडमिरलच्या पगारावरचा माणूस. पण आता वाटतं, आइव्जने हे रचलेलं नसावं. तोफा थंड झाल्यावर समोर आलेलं मूल बघून गलबलून येणं ही माणसाची जुनी खोड आहे, आणि ती शत्रूलाही असते. मला खटकतं ते पुढचं. तो सहा वर्षांचा मुलगा त्या दिवशी वाचला तो एका माणसाच्या मर्जीवर. वॉटसन मोहरा वळवून बंगालला गेला आणि ऑगस्ट १७५७ मध्ये कलकत्त्यात वारला. बाप म्हणवणारा दीड वर्षात गेला. तुळाजी मरेपर्यंत पेशव्यांच्या कैदेत राहिला. त्याच्या कुटुंबाच्या वाट्याला काय आलं, त्याच्याशी साहेबाच्या त्या अश्रूंचा काही संबंध उरला नाही.

सरहद्दीपलीकडच्या आजारी मुलाला औषध मिळतं तेव्हाही बहुतेक वेळा हेच घडतं. कुणाचं तरी काळीज हलतं. काळीज हलणं चांगलंच. पण ते कधी हलेल याचा भरवसा नसतो.

*

पत्रादेवीच्या नाक्यावर आज गाडी फारशी थांबतही नाही. शेजारी हुतात्मा स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला बांद्याच्या बाजूने निःशस्त्र सत्याग्रही इथून गोव्यात शिरले आणि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या एका दिवसात गोव्याच्या वेगवेगळ्या सीमांवर वीसहून अधिक माणसं मेली. जखमींना झोळीत घालून मागे बांद्याकडे आणलं गेलं. त्यानंतर भारत सरकारने सरहद्द बंद केली, कॅसलरॉक-कुळे रेल्वे थांबली, आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत सावंतवाडी आणि पेडणे हे दोन शेजारी परदेशासारखे वागले. सोयरीक दोन्हीकडे, कुळदैवत दोन्हीकडे, मधे बंदुका.

त्या काळात आजारी माणसाची वाट आजच्या उलटी होती. पणजीत वैद्यकीय शाळा होती हे खरं. पोर्तुगीजांची ती 'इस्कोला मेदिका' १८४२ सालची, आशियातल्या पाश्चात्त्य वैद्यकाच्या जुन्या शाळांपैकी एक. आजचं गोवा मेडिकल कॉलेज तिचंच वारस. पण अवघड दुखण्याचे गोमंतकीय रेल्वेने मिरजेला जायचे, वानलेस साहेबांच्या मिशन दवाखान्यात. तो १८९४ पासूनचा. जवळची माणसं वेंगुर्ल्याला यायची, अमेरिकन मिशनच्या सेंट ल्यूक्स इस्पितळात, जिथे डॉ. गोहीन यांचं नाव आजही जुनी माणसं घेतात. १९५४-५५ नंतर या वाटांवर परवाने आले, पहारे आले. आंबोलीचा घाट न चढता गोव्यातून पोर इकडे आणायचं तर ओहोळ, काजूच्या बागा आणि ओळखीचा वाटाड्या. चोरवाटेने तांदूळ-साखरेची ने-आण करणाऱ्यांच्या मागोमाग काखेत पोर मारून निघालेल्या बायकाही असत, अशा गजाली बांदा-सातार्ड्याकडे अजून ऐकायला मिळतात. कागदावर त्या कुठे नाहीत.

मुक्तीनंतर सगळं फिरलं. गोवा मेडिकल कॉलेज वाढलं, बांबोळीच्या पठारावर गेलं आणि सिंधुदुर्गातल्या गंभीर रुग्णाचं शेवटचं ठिकाण बनलं. दाखला लागत नसे, पैसे लागत नसत. अपघात, सर्पदंश, अडलेली बाई, निळं पडलेलं बाळ, सगळं बांबोळीला. महाराष्ट्राने आपल्या दक्षिण टोकाचं आरोग्य पन्नास वर्षं न बोलता शेजारच्या छोट्या राज्यावर सोपवून दिलं होतं. कोल्हापूरचं सीपीआर इस्पितळ हा दुसरा पर्याय. पण मधे घाट. करूळचा घाट २०२४ साली रुंदीकरणासाठी बंद होता तेव्हा तोही आडवाटेने गेला.

जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने बिगरगोमंतकीयांना शुल्क लावलं. गोव्याचं म्हणणं सरळ होतं: खाटा आमच्या करदात्यांच्या, आणि आमचाच माणूस जमिनीवर झोपतो. हे म्हणणं मला चूक वाटत नाही. चूक होती ती आमची, इतकी वर्षं फुकट मिळतंय म्हणून स्वतःचं काही न उभारण्याची. पण दोडामार्गात आंदोलनं झाली तेव्हा रस्त्यावर बसलेल्या बायका धोरणावर बोलत नव्हत्या. त्यांचा प्रश्न एवढाच होता की पोराला रात्री दोनला फिट आली तर आधी रेशनकार्ड शोधायचं की आधी गाडी.

मग आला मार्च २०२०. कोरोनामुळे राज्यांच्या सीमा बंद झाल्या. पत्रादेवीला पुन्हा अडथळे आले, पोलीस आले, पास आले. स्मारकावरची माणसं ज्या रेषेसाठी मेली ती पुसली गेली असं आम्ही शाळेत शिकलो होतो. ती पुसली गेलेली नव्हती, पुसट झाली होती. रुग्णवाहिकेला वाट द्या असे आदेश होते आणि वाट मिळतही होती. पण तपासणी, नोंद, फोन, वरून परवानगी यात जी दहा-वीस मिनिटं जातात, ती सगळ्या आजारांत सारखी नसतात. मोडलेल्या हाताला वीस मिनिटं चालतात. निळ्या बाळाला चालत नाहीत.

*

हे निळं बाळ म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय सरहद्दीवरच्या उशिराची किंमत कळत नाही.

पडद्याला छिद्र असेल तर डाव्या कप्प्यातलं शुद्ध रक्त उजव्या कप्प्यात घुसतं आणि फुप्फुसांकडे जास्तीचं रक्त जात राहतं. बाळाला धाप लागते, दूध ओढताना ते घामेजतं, थकून झोपतं, अर्ध्या तासाने पुन्हा भुकेने उठतं. वजन वाढत नाही. वारंवार 'निमोनिया' होतो. लहान छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात. मोठं छिद्र मात्र ठरावीक वेळेतच बुजवावं लागतं. उशीर झाला तर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या जास्तीच्या दाबाने कडक होतात, प्रवाह उलटा फिरतो, मूल निळं पडू लागतं आणि मग शस्त्रक्रिया करता येत नाही. छिद्र तेच, डॉक्टर तेच, पैसेही आता जमलेले, पण वेळ गेलेली. दुसऱ्या प्रकारच्या दोषात, ज्याला फॅलोटचा चौकडी दोष म्हणतात, मूल खेळता खेळता उकिडवं बसतं. उकिडवं बसल्याने फुप्फुसांकडे थोडं जास्त रक्त जातं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. महाधमन्यांची अदलाबदल झालेलं बाळ असेल, तर शस्त्रक्रियेला जेमतेम काही आठवडे मिळतात.

म्हणजे मुलाच्या हृदयाचं स्वतःचं एक पंचांग असतं. व्हिसाच्या अर्जाचं वेगळं असतं. सरहद्दीचं आणखी वेगळं.

डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि भारत-पाकिस्तानमधली बस, रेल्वे, विमानं बंद झाली. दीड वर्षाने, ११ जुलै २००३ ला, दिल्ली-लाहोर बस पुन्हा सुरू झाली. त्या पहिल्या बसमधून लाहोरची अडीच वर्षांची एक मुलगी आईवडिलांबरोबर आली. हृदयात छिद्रं. बंगळुरूला डॉ. देवी शेट्टी यांच्या नारायण हृदयालयात चार दिवसांत तिची शस्त्रक्रिया झाली. देशभरातून खेळणी आली, पैसे आले, प्रार्थना झाल्या. त्या आठवड्यात दोन्ही देशांची वर्तमानपत्रं एकाच मुलीच्या तापमानाची बातमी छापत होती. आमच्या विजयदुर्गात तेव्हा एस.टी. स्टँडवर वर्तमानपत्र दुपारी यायचं. ती बातमी मोठ्याने वाचून दाखवणारे एक गुरुजी मला आठवतात. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "बस चालू झाली म्हणून पोर वाचलं. बस आणखी सहा महिने बंद असती तर?" कुणी उत्तर दिलं नाही.

पुढच्या काळात ती वाट रुळली. पाकिस्तानातून यकृत प्रत्यारोपणासाठी, हृदयासाठी माणसं दिल्ली-चेन्नईला येत राहिली. मग २०१७ च्या मे महिन्यात भारताने अट घातली: पाकिस्तानच्या पंतप्रधानांचे परराष्ट्र सल्लागार सरताज अझीज यांचं शिफारसपत्र असेल तरच वैद्यकीय व्हिसा. हे दोन सरकारांमधलं भांडण होतं आणि पत्र आणायला धावायचं होतं ते आजारी मुलाच्या बापाने. त्या वर्षी लोक ट्विटरवर थेट तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांना आर्जव करू लागले आणि त्यांनी अनेकांना व्हिसा दिला. लाहोरच्या चार महिन्यांच्या एका बाळाची जूनमध्ये नोएडाला हृदयशस्त्रक्रिया झाली. १५ ऑगस्टला स्वराज यांनी खऱ्या गरजू रुग्णांना व्हिसा देण्याचं जाहीर केलं आणि त्या वर्षीच्या दिवाळीला सांगितलं की आजवर अडकलेल्या सर्व योग्य अर्जांना भारत व्हिसा देईल. दिवाळी अंकात हे लिहिताना ती दिवाळी आठवणं साहजिक आहे. स्वराजबाईंचं मन मोठं होतं यात मला शंका नाही.

पण ज्यांच्याकडे ट्विटर नव्हतं त्यांचं काय, हा प्रश्न जेटीवरच्या त्या बाईंनी विचारला, मी नव्हे. मी त्यांना ही गोष्ट कौतुकाने सांगायला गेलो होतो. त्या म्हणाल्या, "म्हणजे साहेबाक फोन लागलो तर पोर वाचतला. आमचा तसाच होता." त्यांच्या मुलाचा मुंबईतला नंबर लवकर लागला तो गावच्याच एका माणसाची परळच्या इस्पितळात ओळख होती म्हणून.

नोएडाच्या त्या बाळाचं पुढे काय झालं तेही लिहायला हवं. हृदय उत्तम दुरुस्त झालं. ते घरी गेलं. दोन महिन्यांच्या आत जुलाब आणि निर्जलीकरणाने वारलं. सरहद्द ओलांडून जगातली अवघड शस्त्रक्रिया मिळाली आणि घरी मीठ-साखर-पाण्याने थोपवता येणाऱ्या दुखण्याने ते गेलं. या बातमीने मी जितका खचलो तितका कुठल्याही युद्धाच्या बातमीने खचलो नाही.

२२ एप्रिल २०२५. पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली. त्यांतले सहा महाराष्ट्रातले. डोंबिवली, पुणे, पनवेल. भारताने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द केले, वैद्यकीय व्हिसाला २९ एप्रिलपर्यंत मुदत दिली, अटारीचा नाका मिटला. तेव्हा सिंधमधल्या हैदराबादची दोन भावंडं, नऊ आणि सात वर्षांची, दोघांनाही जन्मजात हृदयदोष, दिल्लीजवळच्या इस्पितळात होती. शस्त्रक्रिया ठरली होती. वडिलांनी कॅमेऱ्यासमोर हात जोडले. मुलांना परत जावं लागलं. नंतर रावळपिंडीच्या लष्करी हृदयरोग संस्थेत त्यांना दाखल केलं गेलं.

डोंबिवलीच्या त्या घरांसमोर उभं राहून या दोन मुलांबद्दल बोलायची माझी हिंमत नाही. रागाला जागा होती, आहे. आणि तरीही त्या मुदतीत दोन दिवस जास्त का दिले होते, हे मला महत्त्वाचं वाटतं. इतरांना २७, आजाऱ्यांना २९. म्हणजे आदेश लिहिणाऱ्याच्या मनात आजारी माणूस वेगळा, हे कुठेतरी होतं. फक्त ते दोन दिवसांपुरतं होतं. चिरलेली छाती दोन दिवसांत भरून येत नाही.

कायदा काय म्हणतो? १९४९ चा चौथा जिनिव्हा करार म्हणतो की वेढलेल्या प्रदेशातून जखमी, आजारी, वृद्ध, मुलं आणि बाळंतिणी यांना बाहेर काढण्यासाठी लढणाऱ्या पक्षांनी आपसात ठरवण्याचा प्रयत्न करावा. 'प्रयत्न करावा'. वकिलांना विचारा, या दोन शब्दांत किती जागा असते. गाझातून उपचारांसाठी बाहेर पडायची वाट बघणाऱ्यांची संख्या जागतिक आरोग्य संघटनेने दहा हजारांच्या वर सांगितली होती, त्यांत मुलं पुष्कळ. मे २०२४ मध्ये रफाहचा दरवाजा बंद झाल्यावर ती वाट जवळपास मिटली. आणि त्याच भूमीवर दुसरंही घडलेलं आहे. तेल अवीवजवळच्या होलोनमधल्या वुल्फसन इस्पितळात डॉ. अमी कोहेन यांनी १९९५ साली 'सेव्ह अ चाइल्ड्स हार्ट' सुरू केलं. तिथे हजारो परदेशी मुलांची हृदयं दुरुस्त झाली आणि त्यांतली जवळपास निम्मी पॅलेस्टिनी. तिथल्या वॉर्डात गाझाची आई आणि इस्रायली परिचारिका एकाच पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या आहेत. त्याने युद्ध थांबलं नाही. ज्यांची हृदयं शिवली गेली त्यांना मात्र आयुष्य मिळालं, युद्ध असो वा नसो.

मला या सगळ्यांत एल साल्वादोरचं उदाहरण जास्त पटतं. १९८५ साली तिथे यादवी युद्ध ऐन भरात होतं. युनिसेफचे जेम्स ग्रँट आणि चर्च यांच्या मध्यस्थीने सरकार आणि बंडखोर दोघांनी मान्य केलं की वर्षातले तीन दिवस बंदुका थांबतील आणि मुलांना लसी दिल्या जातील. अडीच लाखांच्या आसपास मुलांना लस मिळाली. दुसऱ्या वर्षी पुन्हा. मग पुन्हा. युद्ध संपेपर्यंत. कुणाचं काळीज त्या वर्षी हललं की नाही, यावर ते अवलंबून राहिलं नाही. तारखा ठरलेल्या होत्या. आंगऱ्यांच्या पोराला वॉटसन मिळाला. एल साल्वादोरच्या पोराला तारीख मिळाली. मला विचाराल तर तारीख बरी.

*

आपल्याकडेही एक तारीख ठरलेली आहे, आणि तिची कुणी बातमी करत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशात सुरू झाला तो महाराष्ट्रातच, ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरमध्ये. त्याचं पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेतल्या मुलांना एकदा तपासतं. जन्मतःचे दोष, कमतरता, आजार, वाढीतला उशीर, सगळं. हृदयाचा आवाज वेगळा लागला तर मुलाला टू-डी एको करायला पाठवतात आणि शस्त्रक्रिया लागली तर ती मोफत करून देतात. अठरा वर्षांपर्यंत. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली तीच. १०८ ची गाडी २०१४ पासून आहे. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू होऊन काही वर्षं झाली. दरवर्षी शंभर विद्यार्थी घेतं. तिथे मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होण्यासारखी स्थिती यायला वेळ आहे आणि तोवर मुंबई-पुण्याला, नाहीतर बांबुळीला पर्याय नाही. ज्या दिवशी विजयदुर्गात 'ओरोसाक न्हेल्यानी' ऐकून लोक निर्धास्तपणे पुन्हा गजालीला बसतील, त्या दिवशी महाराष्ट्र पत्रादेवीपर्यंत पोचला असं मी मानेन. अजून तो तळेऱ्याच्या आसपास आहे.

जेटीवरच्या बाईंचा मुलगा या पथकाच्याच नजरेत सापडला होता. डॉक्टरने कान लावला तो अंगणवाडीच्या खोलीत, तक्त्यावरच्या आंब्या-केळ्याच्या चित्रांखाली. त्या दिवशी मासळीचा लिलाव लांबला होता आणि बाई अंगणवाडीत जाणारच नव्हत्या. सेविकेने घरी येऊन पोर उचलून नेलं. पुढच्या सगळ्या प्रवासात, ओळखीत, नंबरात, कर्जात जे झालं ते झालं. पण सुरुवात त्या सेविकेच्या काखेतून झाली.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरात, वाडीत, इमारतीत कुणाचं बाळ दूध पिताना घामाघूम होत असेल, दम टाकत असेल, वजन धरत नसेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, तर "पोर नाजूक आहे" म्हणून सोडू नका. अंगणवाडीत पथक कधी येणार ते विचारा. तोवर थांबणं जमत नसेल तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेऊन हृदयाचा आवाज तपासायला सांगा. आणि घरात जुलाबावर द्यायच्या ओआरएसच्या पुड्या ठेवा. स्वस्तात मिळतात.